डोक्यावर टिकली, पायात काटा

डिझाईन कॉलेजचं सेकंड इयर सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि मॅमनी असाइनमेंट दिली. तीस दिवस, रोज एक लोगो. अट अशी की तो स्क्रीनवर नाही, रस्त्यात भेटलेला हवा. फोटो चालणार नाही, हातानं काढायचा आणि खाली चार ओळी लिहायच्या की हा आपल्याला का थांबवून गेला.

पहिले नऊ दिवस मी अगदी शहाण्यासारखी वागले. पुण्यातच असते, त्यामुळे कॉफीवाले, बुटवाले, फोनवाले, मेट्रो, सगळं हाताशी. दहाव्या दिवशी वर्गात वह्या उघडल्या तर बावीस जणांच्या बावीस वह्यांत तेच. तोच बूट, तीच कॉफी. एकानं सफरचंद इतकं सुंदर काढलं होतं की चावावंसं वाटलं, पण ते आधीच कुणीतरी चावलेलं. मॅम काही बोलल्या नाहीत. वह्या बंद केल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळे एकाच रस्त्यावर राहता का?"

मग गणपतीची सुट्टी लागली आणि मी कराडला घरी आले.

घरी म्हणजे काय, ते आधी सांगते. माझ्या पप्पांचं एसटी स्टँडजवळ रेडियमचं दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा, बाहेर एक स्टूल, आत एक कटिंग प्लॉटर, एक जुना कॉम्प्युटर आणि भिंतीला लागून रंगीत रोलच्या उभ्या नळ्या. आमच्याकडे चमकणाऱ्या कुठल्याही चिकटपट्टीला रेडियम म्हणतात. मेरी क्युरीच्या रेडियमचा त्यात कणही नसतो. बारीक काचेचे मणी असतात, गाडीचा लाईट पडला की तो आल्या दिशेलाच परत पाठवतात, एवढंच. पण पाटीवर "परावर्तक पट्ट्यांचे दुकान" लिहिलं असतं तर आम्ही उपाशी मेलो असतो.

त्याआधी पप्पा पेंटर होते. नव्वदच्या दशकात कराड-पाटण रस्त्यावरच्या निम्म्या भिंती त्यांनी रंगवल्यात असं ते सांगतात. निम्म्या कदाचित नसतील, पण पाणबुडी मोटर, सिमेंट, बियाणं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचा उलटा लाल त्रिकोण हे सगळं त्यांच्या हातचं. त्या त्रिकोणाचं एक मला फार आवडतं. दोरी निळीत बुडवायची, दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधून चिमटीत उचलून सोडायची. फट्. भिंतीवर सरळ निळी रेघ. त्याला सूत मारणं म्हणतात. तीन वेळा सूत मारलं की कुटुंब नियोजन तयार. मी कॉलेजात ग्रिड, म्हणजे पानाची आखणी, शिकले तेव्हा मला पहिल्यांदा ती दोरी आठवली.

मग फ्लेक्स आला. गॉगल लावून, मोबाईल कानाला धरून उभे असलेले भावी नेते आले आणि भिंती रंगवणारे गेले. पप्पांनी ब्रश गुंडाळून ठेवले आणि रेडियममध्ये शिरले.

असो. अकराव्या दिवसाचा लोगो मला आज्जीनं दिला.

आज्जी उंब्रजजवळ राहते, कराडहून एसटीनं पाऊणेक तास, मध्ये थांबत गेलं तर. ती शाळेत गेलेली नाही. सही करते, पण सही म्हणजे तिच्या लेखी एक चित्र आहे, पाठ केलेलं. तरीही ती आयुष्यात कधी चुकीच्या गाडीत बसलेली नाही, आणि मला हे इतकी वर्षं कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. त्या दिवशी स्टँडवर तिच्याबरोबर उभी होते. तीन गाड्या लागलेल्या. मी म्हटलं, "आज्जी, तुला कळतं कसं गं कुठली आपली?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पुण्यात जाऊन बिनडोक झाले.

"डोक्यावर टिकली, पायात काटा. ती आपली."

मी पाटी बघितली. उंब्रज. उ-च्या डोक्यावर अनुस्वार, ब्र-च्या पायात ती तिरकी रेघ. डोक्यावर टिकली, पायात काटा!

"आणि ती?" मी मसूरच्या गाडीकडं बोट केलं.

"शेपटीची." सू-चा दीर्घ उकार.

"आणि ती पलीकडची?"

"ती काठ्यांची. पाटणला जाती."

पाटण. प-ची काठी, काना, ण-च्या काठ्या. खरंच, त्या शब्दात उभ्या काठ्यांशिवाय लांबून काही दिसतच नाही. मी तिथंच स्टँडच्या कठड्यावर बसून तिन्ही पाट्या काढल्या. आज्जीची गाडी सुटली तरी मी काढत होते. कंडक्टरनं खिडकीतून विचारलं, "काय सर्व्हे हाय का?"

आम्हाला टायपोग्राफीच्या पहिल्याच तासाला सांगतात की सराईत वाचक अक्षर अक्षर जोडत बसत नाही, शब्दाचा आकार ओळखतो. त्यावर मतभेदही आहेत, हेही सांगतात. आज्जी सराईत वाचक नाही, वाचकच नाही. पण तिनं महामंडळाच्या पाट्यांचे लोगो करून टाकलेत. १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी पहिली एसटी धावली, तेव्हापासून या राज्यात न वाचणाऱ्या किती बायकांनी अशा किती टिकल्या नि काटे मनात जपून ठेवले असतील. कुठल्याच डिझाईन मॅन्युअलमध्ये त्याची नोंद नसणार.

त्या दिवसापासून मी आज्जीला प्रश्न विचारायचा सपाटाच लावला. ती वैतागली, पण उत्तरं देत राहिली. वहीतली पुढची आठ पानं तिची आहेत.

स्टेट बँकेला ती "भोकाची बँक" म्हणते. हे मी वहीत लिहिलं तेव्हा जरा हसले, मग गंभीर झाले, कारण ते अगदी बरोबर आहे. तो निळा गोल आणि खालून वर गेलेली चीर, मध्ये छोटं वर्तुळ. ते किल्लीचं भोकच आहे. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाईन संस्थेतल्या शेखर कामत यांनी १९७१ मध्ये ते केलं. आमच्या वर्गातला अहमदाबादचा मुलगा शपथेवर सांगतो की ते कुलूपबिलूप काही नाही, तो कांकरिया तलाव आहे, वरून बघितल्यावर दिसतो तसा. नकाशा काढून दाखवतो. गोल तलाव, मधोमध बेट, बेटाकडं जाणारी वाट. जुळतं हो. इतकं जुळतं की मलाच संशय येतो, कारण जगात खऱ्या गोष्टी इतक्या नीट जुळत नाहीत. आज्जीला मी तलावाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "तळ्यात पैसं कोण ठेवतंय?"

एलआयसीचं मात्र मी तिला आधी काहीच सांगितलं नाही. फक्त चित्र काढून दाखवलं, दोन तळवे आणि मध्ये ज्योत. ती लगेच म्हणाली, "वारं लागतंय म्हणून हात धरल्यात." संध्याकाळी तुळशीपाशी निरांजन नेताना ती रोज तेच करते. एक हात तबकाखाली, दुसरा ज्योतीच्या आड, चाल आपोआप हळू होते. मी लहानपणापासून हे बघत आले आणि एलआयसीचा लोगोही लहानपणापासून बघत आले, पण हे दोन्ही हात एकच आहेत हे मला एकवीस वर्षं दिसलं नाही. खाली संस्कृतात "योगक्षेमं वहाम्यहम्" असतं, गीतेच्या नवव्या अध्यायातलं. आज्जीला ते वाचता येत नाही, आणि तिला त्याची गरजही पडली नाही. विमा महामंडळ १९५६ चं आहे, म्हणजे साधारण आज्जीच्याच वयाचं.

दूरदर्शनचा तो डोळा तिला आवडत नाही. "भोवऱ्यात सापडल्यागत" वाटतं म्हणे. तो डोळा एनआयडीच्याच देवाशिष भट्टाचार्य यांनी विद्यार्थी असताना केला होता, वर्गातला सराव म्हणून. हे वाचल्यापासून आमच्या वर्गात असाइनमेंट देताना प्रत्येक जण मान ताठ करून बसतो. न जाणो.

आता छाप.

हा शब्द मी वहीच्या मधल्या पानावर मोठ्ठा लिहिलाय. कारण लोगो हा शब्द मी कॉलेजात ऐकला, पण वस्तू मला आधीपासून माहीत होती. तिचं नाव छाप. आजोबा असेपर्यंत मी रोज कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन "एक गाय छाप" म्हणायचे. संगमनेरची गाय छाप. आजोबा पुडी उघडायचे, चुन्याची डबी काढायचे, तळहातावर मळायचे, दोन थापट्या मारून फक्की तोंडात टाकायचे आणि पुडी फेकण्याआधी मला द्यायचे, कारण मला ती गाय कापून वहीत चिकटवायची असायची. (तंबाखू वाईट. आजोबा त्यानंच गेले असं डॉक्टर म्हणाले. हे इथं लिहिल्याशिवाय पुढं जाता येईना.) पण बघा, त्यांनी आयुष्यात एकदाही "जर्दा द्या" म्हटलं नाही. गाय द्या म्हणायचे. चित्र हेच वस्तूचं नाव. माकड छाप दंतमंजन, जहाज छाप काडेपेटी, कोंबडा छाप फटाके. ज्याला वाचता येत नाही त्याला दुकानदारानं दुसराच माल गळ्यात मारू नये म्हणून प्राणी कामाला लावलेले. आणि जो वाचत नाही तोसुद्धा छापच, अंगठाछाप. ग्राहकाला आणि मालाला एकच शब्द.

माझ्या कंपासपेटीवरचा उंटही त्याच जातीचा. दि. प. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुडी-वड्यांचा धंदा सुरू केला तेव्हा तो घोडा होता, हॉर्स ब्रँड. उंट नंतर आला. मुंबईच्या मराठी माणसाच्या शाईवर वाळवंटातला प्राणी का, असा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच शाळेत पडला नाही. छाप पक्की बसली की प्रश्न पडत नाहीत.

पण छाप पक्की बसली नाही तर काय होतं, ते आमच्या जिल्ह्यानं नुकतंच बघितलंय. मी राजकारणात पडत नाही, फक्त चित्राबद्दल बोलते. २०२४ ची लोकसभा. सातारा मतदारसंघात एका पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यंत्रावर एका अपक्षाला मिळालं होतं ट्रम्पेट, आणि मराठी यादीत त्या ट्रम्पेटचंही नाव होतं "तुतारी". अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. निकालातलं अंतर होतं ३२,७७१. कुणाची मतं कुठं गेली असती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण चित्र एक, नाव एक, आणि प्रचारात ऐकलेला शब्द एक, अशी तीन दावी वेगवेगळ्या खुंट्यांना बांधली की गाय कुठं जाईल?

आज्जीनं त्या निवडणुकीत कुणाला मत दिलं ते ती सांगत नाही. "माणूस बारीक होता," एवढंच म्हणाली. म्हणजे चित्रातला माणूस. एवढ्याशा चौकोनात आख्खा माणूस, त्याचा फेटा, आणि तुतारीची कमान. मी तो चौकोन त्याच आकारात वहीत काढून बघितला. ०.३ चं पेन घेतलं तरी फेट्याचं टोपलं झालं. शेजारी नुसतं ट्रम्पेट काढलं, ते मात्र लगेच ओळखू आलं. लहान आकारात एकटी वस्तू जिंकते.

ही गोष्ट एम. एस. सेठी नावाच्या माणसाला पक्की माहीत होती. निवडणूक आयोगात ते ड्राफ्ट्समन होते आणि १९९२ मध्ये निवृत्त होईपर्यंत पेन्सिलीनं चिन्हं काढत राहिले. शिट्टी, कपबशी, पंखा, शिलाई मशीन असल्या घरात असणाऱ्या वस्तू. पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ ला, प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी असायची आणि पेटीवर त्याचं चिन्ह डकवलेलं. कागद त्या पेटीत टाकला की मत दिलं. यापेक्षा साधा इंटरफेस कुणी मला दाखवावा. या देशात सगळ्यात जास्त डोळ्यांनी तपासलेली चित्रं ही असतील, आणि ज्यानं ती काढली त्याचं नाव आमच्या एकाही स्लाईडवर नव्हतं. माझ्या प्रेझेंटेशनमध्ये मी घातलं.

सुट्टी संपायला आली तशी मावशी आली. तिचा पापडांचा बचत गट आहे, बारा बायका. म्हणाली, "तू डिझाईनर होणारेस ना, मग आमच्या पुडीला काहीतरी काढून दे." माझं आयुष्यातलं पहिलं क्लायंट काम! मी दोन रात्री जागून केलं. संपूर्ण गोल, एकच रंग, आणि उजवीकडून वर्तुळाचाच एक तुकडा उणा केलेला, म्हणजे पापडाचा घास घेतलाय. एकही रेघ जास्तीची नाही. पुण्यातल्या मित्रांना पाठवलं, सगळ्यांनी हृदयं पाठवली. पप्पांनी हौसेनं पाचशे स्टिकर कापून दिले.

मावशीनं ते गटाच्या बैठकीत वाटले. बारा बायका बघत राहिल्या. मग त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकू म्हणाल्या, "गिराण हाय का गं हे?"

ग्रहण.

मी काही बोलायच्या आत दुसरी म्हणाली, "व्हय की. लागलंय." तिसरी म्हणाली, "गिरणात काय खात न्हाईत बाई." आणि संपलं. खाण्याच्या पुडीवर मी ग्रहण छापलं होतं. ग्रहणात आमच्याकडं शिजवलेल्यावर तुळशीचं पान ठेवतात, नाहीतर टाकून देतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः दरवेळी ती तुळस तोडून आणलेली आहे. पण लॅपटॉप उघडला की ती तुळस तोडणारी मुलगी कुठं जाते कोण जाणे. तेव्हा माझ्या डोळ्यासमोर वर्गातल्या भिंतीवरची पोस्टरं असतात, स्विस डिझाईनरांची.

मी काकूंना समजावायचा प्रयत्न केला, निगेटिव्ह स्पेस वगैरे. मराठीत सांगायला गेले तर शब्द सापडेना. "रिकामी जागा पण आकार असते," असं काहीतरी बोलले. काकू समजूतदारपणे म्हणाल्या, "आसंल." मग गटानं ठरवलं की पुडीवर पोळपाट-लाटणं हवं आणि मावशीचा हसरा फोटो. तसंच झालं. पुडी बाजारात खपतेय. माझी चारशे ऐंशी ग्रहणं पप्पांच्या ड्रॉवरमध्ये आहेत, ते त्यांच्या मागच्या कागदावर हिशोब लिहितात.

या फजितीनंतर मी दुकानात जाऊन बसायला लागले. म्हटलं, ज्याचं काम रोज लोकांसमोर पास-नापास होतं त्याच्याजवळ बसावं.

पप्पांना फॉन्टची नावं येत नाहीत, श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचे नंबर तोंडपाठ आहेत. "सातशे अमुक लाव, त्याचा ळ चांगला आहे." त्यांच्याकडं एक जुनी फाईल आहे, पेपरात येणाऱ्या मराठी नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं, त्यातली बरीचशी कमल शेडगे यांच्या अक्षरांची. नाटक एकही बघितलेलं नाही, अक्षरं सगळी बघितलीत. एखादं गिऱ्हाईक "जरा वेगळं पाहिजे" म्हणालं की फाईल निघते. कॉलेजात ज्याला मूडबोर्ड, म्हणजे नमुन्यांचा फळा, म्हणतात ती ही फाईल, फरक इतकाच की ती तेलकट आहे.

काम असं चालतं. प्लॉटर रेडियमवर फक्त चिरा मारतो, खालचा कागद तसाच राहतो. मग सुईच्या टोकानं नको असलेला भाग उचलून काढायचा, अक्षरांच्या पोटातले तुकडेसुद्धा. पप्पा त्याला निवडणं म्हणतात, तांदूळ निवडतात तसं. मग वरून पारदर्शक टेप दाबायची, आख्खं अक्षर उचलायचं, गाडीवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा, म्हणजे इकडंतिकडं सरकवता येतं, आणि जागेवर बसलं की जुन्या एटीएम कार्डानं घासून पाणी बाहेर काढायचं. बुडबुडा राहिला तर गिऱ्हाईक परत येतं. ऊस तोडणीच्या हंगामात ट्रॉलीच्या मागे लावायच्या लाल पट्ट्यांचं काम असतं, ते बिनकलेचं पण पप्पा सगळ्यात मन लावून करतात. रात्री लाईट नसलेली ट्रॉली त्या पट्टीमुळंच दिसते.

पण दुकान ज्यावर उभं राहिलं ते काम म्हणजे नंबर प्लेट. आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: इंग्रजी आकडे डोळ्यासमोर आणा. २१४ ला वरून एक शिरोरेघ मारा, राम होतो. ४१४१ चा दादा होतो. ४९१२ चा पवार. ८०५५ चा इंग्रजी बॉस, त्याला शिरोरेघसुद्धा लागत नाही. आरटीओत असल्या नंबरांसाठी लोक जादा पैसे मोजतात. मी हे लहानपणापासून बघतेय, पण यंदा पेन्सिल घेऊन बसले तेव्हा एक गोष्ट दिसली आणि मी जवळजवळ ओरडलेच. राममध्ये चार म्हणजे म आहे. दादामध्ये चार म्हणजे द. पवारमध्ये चार म्हणजे प. एकच आकडा तीन अक्षरं होतोय! प होणं त्याला सोपं, वरून उघडा चार आणि शिरोरेघ, झाला प. म-साठी डावीकडं जरा गाठ द्यावी लागते. द सगळ्यात अवघड, त्यासाठी चारला कमरेत वाकवून शेपूट बाहेर काढावं लागतं. पप्पांना मी हे उत्साहानं सांगितलं. ते निवडता निवडता म्हणाले, "मग? बघणाऱ्याला दादा पाहिजे असला की तो दादाच वाचतो. आपण फक्त आडवं यायचं नाही."

हे बेकायदा आहे, मला माहीत आहे, पप्पांनाही माहीत आहे. अपघात करून पळालेल्या गाडीचा नंबर "दादा" असा सांगून पोलिसांचं भागत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना शोरूममधूनच हाय सिक्युरिटी प्लेट येते. अॅल्युमिनियमची, उठावाचे आकडे, डावीकडं निळ्यात इंड, वर अशोकचक्राचा चमकता होलोग्राम. न निघणारे रिव्हेट. आता जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. त्या प्लेटवरचे आकडे मी मोजूनमापून वहीत काढले, चांगले आहेत, लांबून वाचता येतात, कुठलाही चार प-सारखा दिसत नाही. नागरिक म्हणून मला ती प्लेट पटते. पप्पांचं मागच्या वर्षीचं निम्मं उत्पन्न त्या प्लेटखाली गेलं, तेही तितकंच खरं.

ज्युरीला मी ही पानं मांडली. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी एसटीच्या पाट्यांवर मान डोलावली, निवडणूक चिन्हांवर दोन प्रश्न विचारले आणि नंबर प्लेटच्या पानावर म्हणाले की हा व्हिज्युअल नॉइज आहे, याला डिझाईन म्हणायची घाई करू नका. मी तेव्हा गप्प बसले. खोलीवर आल्यावर सुचलेली उत्तरं इथं लिहीत नाही, कारण ती तेव्हा सुचली नव्हती. पण त्यांचं एक वाक्य डोक्यात राहिलं. ते म्हणाले, "तुम्ही स्वतः यातलं एक तरी काढून बघितलंय का?" नव्हतं काढलं. नुसतं बघितलं होतं.

म्हणून दिवाळीत गेले तेव्हा पप्पांना म्हटलं, पुढचा दादा मी काढणार.

पाडव्याच्या दिवशी एक पोरगा आला. नवी गाडी, एमएच ५०, नंबर ४१४१, प्लेट सरकारी. पप्पांनी आधीच सांगितलं, "प्लेटला हात लावणार नाही." तो म्हणाला, "प्लेट राहू दे काका, पुढच्या काचेवर करा." पप्पांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं.

मी प्लॉटर न वापरता हातानं काढायचं ठरवलं. जरा भावच खाल्ला म्हणा. कागदावर चार वेळा काढून बघितलं, चारचा स्टेम आणि द-चा दांडा एका सुतात आणले, वळण एकदम गोल, गुळगुळीत, दोन्ही द तंतोतंत सारखे. कटरनं कापलं, निवडलं, फवारा मारला, कार्डानं पाणी काढलं. एकही बुडबुडा नाही. पोरगा चार पावलं मागं गेला, मान वाकडी केली, परत जवळ आला.

"ताई, छान झालंय," तो म्हणाला. मग चाचरत, "पण हे डाडा वाटतंय."

मी बघितलं. डाडा. स्वच्छ, गोल, सुबक डाडा. द-च्या पोटात जी बारीकशी गाठ असते ती मी नीटनेटकेपणाच्या नादात गुळगुळीत करून टाकली होती.

पप्पा हसले नाहीत. ड्रॉवरमधून रेडियमचा एक कात्रणाएवढा तुकडा घेतला, अंगठ्याच्या नखाएवढा, तिरका कापला आणि सुईच्या टोकावर धरून पहिल्या द-च्या वळणात बसवला. मग दुसऱ्याच्या. अर्धा मिनिट. पोरगा पुन्हा चार पावलं मागं गेला.

"आत्ता!" म्हणाला.

ऐंशी रुपये झाले. त्यानं शंभराची नोट दिली आणि वीस परत घ्यायच्या ऐवजी मागितला एक छोटा भगवा झेंडा, टाकीला लावायला. पप्पांनी झेंडा देऊन, मागचा कागद म्हणून माझं एक ग्रहण काढलं आणि त्यावर हिशोब मांडला.